एकाच वर्गात दोन आवाज: निरनिराळ्या घरांतली मुले आणि शिक्षकांचा स्वर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील एका खासगी सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात डॉक्टर-वकिलांची मुले आहेत, आणि शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) राखून ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांवर जवळच्या वस्तीतून आलेली मुलेही आहेत. शिक्षिका स्वभावाने हळू बोलणाऱ्या आहेत. बंगल्यांतली मुले त्यांचे ऐकतात, वस्तीतली ऐकत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे. शेजारच्या वर्गावरच्या ज्येष्ठ बाईंनी त्यांना सांगितले की या पोरांशी घरी कोणी ओरडल्याशिवाय बोलतच नाही, त्यांना तोच आवाज कळतो आणि त्याचे त्यांना काही वाटतही नाही. तेव्हा मुलाच्या घरची परिस्थिती पाहून बोलण्याचा स्वर बदलावा का, आणि मोठ्या आवाजाचा त्रास काही मुलांना खरोखरच कमी होतो का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ज्येष्ठ बाईंच्या बोलण्यातले निरीक्षण बरेचसे खरे आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि मुलांच्या दृष्टीने घातकही आहे. मी शालेय समुपदेशक म्हणून बरीच वर्षे नागपुरातच काम करते आहे, धरमपेठ-रामदासपेठेकडच्या सुखवस्तू शाळांत आणि इंदोरा, पाचपावली, तांडापेठ या कष्टकरी भागांतल्या बालवाड्यांतही, आणि हा समज मला दोन्हीकडे भेटतो. माझे उत्तर असे आहे की घर बदलले म्हणून मुलाची सोसण्याची ताकद बदलत नाही. ऐकलेल्या स्वराचा ते कोणता अर्थ लावते, एवढेच बदलते. हा फरक लक्षात घेतला नाही, तर ज्याला आपण ‘त्यांना कळेल असे बोलणे’ म्हणतो ते प्रत्यक्षात गरीब घरातल्या मुलाशी कमी आदराने बोलणे होऊन बसते.

‘ओरडणे’ म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. आवाज किती मोठा आहे ही एक. सांगणे किती थेट आणि ठाम आहे ही दुसरी. आणि त्या सांगण्यात समोरच्याविषयी तुच्छता, कंटाळा किंवा हेटाळणी आहे का, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींचा अर्थ घरोघरी वेगळा लागतो आणि तुमच्या वर्गातला बहुतेक गोंधळ त्यातूनच झालेला असावा. तिसरीचा अर्थ मात्र सगळ्या घरांत एकच लागतो. ज्या मुलाने ती तुच्छता दुकानात, दवाखान्यात, आईवडिलांच्या मालकांच्या तोंडून आधीच ऐकलेली असते, त्याला ती इतरांच्या आधी ऐकू येते.

मोठ्या आवाजापासून सुरुवात करू. तांडापेठ, गोळीबार चौक, मोमिनपुरा हा जुना विणकरांचा भाग. आता माग पूर्वीइतके राहिले नसले, तरी ज्या गल्लीत पॉवरलूम चालू आहे त्या गल्लीत माणसाने माणसाशी साध्या आवाजात बोलणे शक्यच नसते. रेल्वे रुळालगतच्या वस्त्यांची गोष्ट तीच. मार्च लागला की घरोघरी लोखंडी कूलर सुरू होतात, आणि एका खोलीच्या घरात कूलर, टीव्ही आणि भावंडे एका वेळी चालू असताना आई स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून हळू आवाजात हाक मारील तर ती कोणाला ऐकू जाणार? गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप, नकळत चढतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच वैद्याने ही गोष्ट १९११ मध्ये नोंदवली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यात रागाचा भाग नाही. कानाने घशाला दिलेला तो हुकूम आहे.

पाचपावलीच्या एका बालवाडीतून निघताना मी पाहिलेला प्रसंग सांगते, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. गल्लीच्या टोकाशी पोरे गोट्या खेळत होती. एका दारातून आई ओरडली, “अबे ए पोट्ट्या, कवापासून आवाज देऊन राह्यली तुले! जेवाले ये ना!” माझ्यासोबत प्रशिक्षणाला आलेली एक विद्यार्थिनी दचकली. मुलगा दचकला नाही. त्याने शेवटची गोटी मारली, खिशात भरली आणि धावत गेला. आईने त्याच्या डोक्यावर टपली मारली, पदराने त्याचे तोंड पुसले आणि त्याला पुढ्यात घेऊन बसली. विद्यार्थिनीला त्या हाकेत संताप ऐकू आला होता, मुलाला जेवण तयार असल्याचे कळले होते. बाहेरून आलेल्या शिक्षिकेने ती हाक ऐकून ‘या मुलांशी घरी असेच बोलतात’ असे म्हणणे आणि त्यावरून वर्गात तसेच ओरडणे, यात एक मोठी गफलत आहे: आईच्या ओरडण्यासोबत टपली, पदर आणि ताट येते, शिक्षिकेच्या ओरडण्यासोबत यातले काहीच येत नाही.

अशा मुलाच्या बाबतीत मोठ्या आवाजाचा शिक्षकाला उपयोगही होत नाही, हा त्यातला गमतीचा भाग. न्यूयॉर्कमध्ये हमरस्त्यावर बांधलेल्या उंच इमारतींत राहणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. खालच्या मजल्यांवरच्या, म्हणजे जास्त गोंगाटात राहणाऱ्या मुलांना एकमेकांसारखे ऐकू येणारे शब्द वेगळे ओळखणे वरच्या मजल्यांवरच्या मुलांपेक्षा जड गेले आणि वाचनातही ती मागे होती. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की सतत गोंगाटात वाढणारे मूल नको असलेला आवाज गाळायला शिकते, आणि त्या गाळण्यात उपयोगाचे आवाजही निसटतात. म्हणजे तुमच्या वर्गातला जो मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या हाकेलाही मान वर करत नाही, तो उर्मट असेलच असे नाही. नुसता मोठा आवाज त्याच्या लेखी बातमीच नसतो. त्याच्यासाठी आवाज आणखी चढवत नेला की तुमचा घसा बसेल आणि वर्गाचा गोंगाट वाढेल, एवढेच होईल.

याउलट ज्या घरात आवाज क्वचितच चढतो, तिथल्या मुलाच्या लेखी मोठा आवाज ही फार मोठी बातमी असते. शिक्षकाने सगळ्या वर्गाला उद्देशून जोरात म्हटलेले “बसा खाली!” हे अशा मुलाला व्यक्तिशः आपल्यावर आलेले संकट वाटते. सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखणे, डबा परत आणणे, रविवारी संध्याकाळपासून गप्प होणे अशा तक्रारी घेऊन जे पालक माझ्याकडे येतात, त्यांच्या मुलांना प्रत्यक्ष कोणी रागावलेलेही नसते. शेजारच्या मुलावर ओरडलेले त्यांनी ऐकलेले असते. इथे एक सावधगिरी हवी. आवाजाची सवय आणि पैसा यांचे गणित सरळ नाही. महाल या जुन्या भागातल्या एखाद्या वाड्यातले सुखवस्तू एकत्र कुटुंब दिवसभर मोठ्याने बोलते, आणि वस्तीतल्या एखाद्या खोलीत आई आणि मुलगी दोघीच अगदी शांतपणे राहतात. मुलाचा पत्ता पाहून त्याच्या घरचा आवाज ठरवू नका.

आता प्रश्नाचा सगळ्यात नाजूक भाग: ज्याला ओरडण्याची सवय आहे त्याला ते लागत नाही का? यावर एक चांगला अभ्यास आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या २९२ माता आणि त्यांची आठ ते बारा वर्षांची मुले यांच्याकडून शिस्त लावण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची माहिती घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. मारणे आणि ओरडणे यांचा संबंध मुलांच्या आक्रमकपणाशी दिसला, तर लाज आणण्याचा संबंध त्यांच्या चिंतेशी. आपल्याकडे सगळ्याच घरी असे होते, असे ज्या मुलांना वाटत होते त्यांच्यात यांतले काही परिणाम सौम्य होते. ज्येष्ठ बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकेच. पण परिणाम सौम्य होणे म्हणजे परिणाम नसणे नव्हे. शिवाय मूल ‘सगळीकडे असेच असते’ असे घराबद्दल म्हणते, वर्गाबद्दल नाही. वर्गात शेजारी बसलेल्या मुलाशी बाई वेगळ्या स्वरात बोलतात हे त्याला दिसत असते, त्यामुळे सवयीचे ते संरक्षण तुमच्या वर्गात त्याला मिळत नाही.

आणि घर नुसते मोठ्या आवाजाचे नसून भांडणाचे असेल, तर सवयीचा प्रश्नच उलटा होतो. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात सहा ते बारा महिन्यांच्या बाळांना झोपेत असताना निरनिराळ्या स्वरांतली वाक्ये ऐकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईवडिलांत जास्त वाद होते त्या बाळांच्या मेंदूतले ताण आणि भावना हाताळणारे भाग रागीट स्वराला अधिक तीव्र प्रतिसाद देत होते, तेही झोपेत. त्यांची संख्या थोडी होती, म्हणून या एका अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये. पण रोजच्या भांडणाने मूल निबर होत नाही, ते सतत कान टवकारून राहते, हे माझ्या कामाच्या अनुभवाशी जुळते. वर्गात तुमचा आवाज चढताच जो मुलगा हसतो, खाली पाहून खोडरबर कुरतडतो किंवा नेमका त्याच क्षणी शेजाऱ्याला मारतो, त्याच्याबद्दल ‘याला काही फरकच पडत नाही’ असे म्हणण्याआधी जरा थांबा.

दुसरी गोष्ट थेटपणाची. तुमच्या प्रश्नात तुम्ही हळू बोलता एवढेच लिहिले आहे. तुम्ही काय बोलता ते लिहिलेले नाही. मला शंका आहे ती तिथे. तुमच्यासारख्याच मृदू स्वभावाच्या एका शिक्षिकेच्या वर्गात मी मागे बसले होते. मधल्या सुट्टीआधी त्या म्हणाल्या, “आपण आता वह्या आत ठेवूया का?” बहुतेक मुलांनी वह्या बंद केल्या. दुसऱ्या रांगेतला एक मुलगा मान वर न करता म्हणाला, “नाही मॅडम, माझं एक गणित राहिलं,” आणि लिहीत राहिला. त्याचे वडील छत्तीसगडहून बांधकामावर आलेले मजूर होते. त्याला विचारले गेले होते, त्याने खरे उत्तर दिले होते. शिक्षिकेला मात्र ते उलट उत्तर वाटले, त्यांचा चेहरा उतरला आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्या आवाजात आधी नसलेली धार आली. मुलाच्या बाजूने पाहिले तर बाईंनी आधी गोड विचारले आणि मग कारण नसताना त्या रागावल्या.

मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांना हुकूम प्रश्नाच्या वेषात येतो हे कळत्या वयाआधीच माहीत असते. “बूट इथे ठेवायचे असतात का?” म्हणजे बूट उचल, “आज आजीला फोन करायचा ना?” म्हणजे कर. कष्टकरी घरांत हुकूम हुकमाच्या रूपात येतो आणि प्रश्न हा खराच प्रश्न असतो. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेतल्या कॅरोलिना भागातल्या कामकरी वस्त्यांत कित्येक वर्षे वावरून केलेला अभ्यास १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आला. आडवळणाने दिलेल्या सूचना वस्तीतल्या मुलांना सूचना वाटतच नाहीत आणि मग शिक्षक त्यांना बेशिस्त ठरवतात, असे त्यांनी तिथे दाखवले आहे. लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये हाच मुद्दा कृष्णवर्णीय मुलांच्या संदर्भात अधिक परखडपणे मांडला: अधिकार असूनही तो नसल्यासारखे बोलणाऱ्या शिक्षकामुळे नुकसान होते ते ज्या मुलांना तो छुपा नियम कोणी सांगितलेला नाही त्यांचे. तो समाज वेगळा आहे, त्याचा इतिहास वेगळा आहे, हे मला मान्य आहे, पण “वह्या आत ठेवूया का?” ही अडचण नागपुरातही तीच आहे.

म्हणून हळू बोलणे सोडू नका, आडवळण सोडा. “वह्या दप्तरात ठेवा. ज्याचे गणित राहिले असेल त्याने ते सुट्टीनंतर पूर्ण करावे.” हे वाक्य अगदी खालच्या आवाजात, हसऱ्या चेहऱ्याने म्हणता येते, आणि ते दोन्हीकडच्या मुलांना सारखेच कळते. थेट सांगणे म्हणजे कठोर बोलणे, हा समज आपल्यासारख्या सुशिक्षित लोकांत फार पक्का आहे. त्यामुळे आपण आधी फार गोड बोलतो, मुले ऐकत नाहीत तेव्हा एकदम चिडतो, आणि मधली जी साधी, ठाम, शांत पट्टी असते ती आपल्याला सापडतच नाही. वर्षभरात हळूहळू आडवळणाची भाषाही मुलांना उघडपणे शिकवावी, कारण पुढे महाविद्यालयात, कार्यालयात, मुलाखतीत त्यांची तिच्याशी गाठ पडणार आहे. “बाई असे विचारतात तेव्हा त्यांचे म्हणणे काय असते, सांगा बरे,” हा तिसरीच्या मुलांना आवडणारा खेळ होऊ शकतो.

या ठिकाणी उलट बाजूही पाहायला हवी, कारण स्वराचा अर्थ चुकीचा लावण्यात आपणही मागे नसतो. वस्तीतले किंवा खेड्यातून आलेले मूल वर्गात मोठ्याने उत्तर देते, मध्येच बोलते, एखाद्या वेळी शिक्षिकेला ‘तू’ म्हणते. “मॅडम, तू काल काहून नाही आली?” या वाक्यात वाट पाहिल्याची तक्रार आहे, अपमान नाही. त्याला वरच्या आवाजात “नीट बोल!” म्हटले, तर त्याने मायेने विचारलेला प्रश्न चुकीचा ठरतो, आणि नेमके काय चुकले हे त्याला कळत नाही. “मी काल आजारी होते. शाळेत बाईंना ‘तुम्ही’ म्हणतात बरं का,” एवढे पुरे असते.

स्वराबद्दल पुढे जाण्याआधी एक साधी तपासणी सुचवते, कारण ती फार वेळा राहून जाते. जे मूल हाकेला प्रतिसाद देत नाही, टीव्ही मोठा लावते, तोंडाकडे पाहत ऐकते, त्याचे कान तपासून घ्या. कान वाहण्याचा आजार गरीब वस्त्यांतल्या मुलांत अधिक असतो, घरचे लोक तो ‘पावसाळ्यात होते तसे’ म्हणून सोडून देतात, आणि शिक्षक त्या मुलाला दुर्लक्ष करणारे म्हणून रागावत राहतात. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते. ज्या शाळांत आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तिथे त्या पथकाला अशा मुलाचे नाव आवर्जून सांगावे.

आता तिसरी गोष्ट, तुच्छतेची, आणि माझ्या मते खरी गोष्ट. दोन मुलांनी गृहपाठ आणलेला नाही. एकाला बाई म्हणतात, “अरे, आज कसा विसरलास? उद्या नक्की आण हं.” दुसऱ्याला म्हणतात, “तुझं नेहमीचंच आहे. राहा उभा.” दोन्ही वाक्ये एकाच आवाजात उच्चारलेली असू शकतात, कोणीही ओरडलेले नाही. मुख्याध्यापक दारातून जात असतील तर त्यांना काही खटकणारही नाही. पण पहिल्या मुलाला आपले काम राहिले असे कळले आणि दुसऱ्याला आपण कोण आहोत हे कळले. वर्गातल्या उरलेल्या मुलांनाही ते कळले, आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना त्या मुलाला कोण कोणत्या स्वरात ‘सरक तिकडे’ म्हणते हे पाहिले, की तो स्वर कुठून आला ते ओळखायला वेळ लागत नाही.

शिक्षकाचा हा भेदभाव मुलांना किती झटपट कळतो, याचे एक चकित करणारे काम इस्रायलमध्ये एलिशा बाबाद आणि सहकाऱ्यांनी केले व ते १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षक हुशार समजल्या जाणाऱ्या आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलतानाच्या केवळ दहा सेकंदांच्या चित्रफिती त्यांनी अनोळखी मुलांना दाखवल्या. समोरचा विद्यार्थी दिसत नव्हता. तरी चौथीच्या मुलांनासुद्धा शिक्षकाचे त्याच्याबद्दलचे मत ओळखता आले. पुढे ज्यांना हिब्रूचा एक शब्दही कळत नव्हता अशा न्यूझीलंडमधल्या प्रेक्षकांनाही हा फरक कळला. म्हणजे ‘मी शब्द जपून वापरते’ हे आपले समाधान फारसे कामाचे नाही.

आपल्याकडे यात जात येते आणि ती न बोलता येते. हजेरीपटावरचे आडनाव वाचल्यावर पुढच्या वाक्याची पट्टी बदलणे हे नागपुरात घडत नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने वर्गात मागच्या बाकावर बसून पाहावे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित उच्च आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फारसा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव-गावासोबत जात वाचून दाखवली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. तिथे कोणी ओरडले नव्हते, कोणी अपशब्द वापरला नव्हता. “आरटीईवाले इकडे उभे राहा,” हे वाक्य कितीही सौम्य आवाजात उच्चारले तरी ते तेच काम करते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. शाळा मात्र छडी बंद केली म्हणजे ते कलम पाळले गेले असे धरून चालतात.

हळू आवाजाविषयीही दोन शब्द, कारण सुखवस्तू घरांतली मुले या प्रश्नातून सुटलेली नाहीत. “मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती,” हे वाक्य आपल्याकडे फार सभ्य समजले जाते. वर सांगितलेल्या सहा देशांच्या अभ्यासात मुलाला निराशा बोलून दाखवण्याचा संबंध आक्रमकपणा आणि चिंता या दोन्हींशी आढळला होता. ज्या घरात राग अबोल्याने आणि टोमण्याने व्यक्त होतो, तिथले मूल शिक्षिकेच्या थंड आवाजाने जितके गोठते तितके ओरडण्यानेही गोठत नाही. उपरोध तर तिसरीपर्यंत टाळावाच. चार वर्षांच्या मुलांना शब्द आनंदाचे आणि स्वर दुःखाचा असे वाक्य ऐकवले तर ती बहुतेक वेळा शब्दांवर विश्वास ठेवतात. मोठी माणसे स्वरावर ठेवतात. ब्रूस मॉर्टन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००१ मध्ये दाखवले की हा बदल शाळेच्या वयात हळूहळू होतो. “वा, काय अक्षर आहे!” हे ऐकून पहिलीतले मूल ती वही घरी आईला अभिमानाने दाखवते, आणि त्याची मोठी बहीण त्याला खरा अर्थ सांगते.

वर्गात प्रत्यक्ष करायचे बदल त्या मानाने साधे आहेत. अंतर कमी करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. वर्गात भिंतींमुळे तो थोडा कमी उतरतो, पण फळ्यापासून शेवटच्या बाकाशी बोलायचे तर आवाज चढवावाच लागतो आणि चढलेला आवाज रागीट वाटतोच. ज्यांना उशिरा प्रवेश मिळाला ती मुले पुष्कळ शाळांत मागच्याच बाकांवर असतात, म्हणजे शिक्षकाचा जवळचा आवाज त्यांच्या वाट्याला फारसा येतच नाही. बाकांजवळ जाऊन, मुलाच्या उंचीला येऊन, नाव घेऊन बोला. बसण्याच्या जागा दर आठवड्याला फिरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे, आणि आपला कूलर त्याच्या कितीतरी वर असतो. एप्रिलमध्ये तो बंद करा असे मी म्हणणार नाही, नागपुरात तसे सांगणाऱ्याला कोणी उभे करणार नाही. पण महत्त्वाची सूचना देताना मिनिटभर बंद करता येतो.

पालकसभेत वस्तीतल्या आईला ‘घरी ओरडू नका’ असे सांगायचा मोह होईल, तो आवरा. तिचा मोठा आवाज तिच्या घराच्या आकारातून आणि गोंगाटातून आलेला आहे. विचारायचे ते हे की रागावताना तोंडून कोणते शब्द जातात. पेनसिल्व्हेनियातल्या ९७६ कुटुंबांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेरा वर्षांच्या मुलांना शिव्या, ‘मूर्ख’, ‘आळशी’ अशी विशेषणे आणि ओरडणे यांना तोंड द्यावे लागले असेल, तर पुढच्या वर्षी त्यांचे वर्तनाचे प्रश्न आणि उदासीनता वाढलेली आढळली, आणि एरवीच्या मायेने ते नुकसान भरून निघाले नाही. हीच गोष्ट बंगल्यातल्या वडिलांनाही सांगायची आहे, त्याच शब्दांत आणि त्याच स्वरात. त्या वेळी मुले दाराशी उभी असतात. शिक्षिका एका पालकाला “या ना, बसा” आणि दुसऱ्याला “हं, बोला” म्हणते, हे त्यांच्या कानांतून सुटत नाही.

ज्येष्ठ बाईंशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी मुख्याध्यापकांना सांगून एका तासाचे फक्त तुमच्या स्वतःच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर करा आणि घरी एकटीने ऐका. शिकवण्याचा भाग न ऐकता पुढे सरका. प्रत्येक मुलाचे नाव तुम्ही कसे उच्चारले आणि त्याचे चुकले तेव्हा पुढचे वाक्य कोणते आले, एवढेच दोन रकान्यांत लिहा. मग हजेरीपट घेऊन बघा की कठोर उच्चार आणि कठोर वाक्ये कोणत्या नावांपुढे जास्त आली आहेत. मुद्रण नंतर पुसून टाका, कोणाला पाठवू नका. महिन्याभराने पुन्हा एक तास ऐका. रकान्यांत फरक पडला नसेल, तर मुलांची बसण्याची जागा आणि तुमची उभे राहण्याची जागा आधी बदला, आवाजाकडे त्यानंतर वळा.